कुत्र्याची खाज: खाण्यामुळे की आजूबाजूच्या गोष्टींमुळे, हे ओळखायचं कसं?

कुत्रा सारखा खाजवायला लागला की बहुतेक घरांत पहिला संशय खाण्यावर जातो. चिकन बंद करून बघू, धान्य नसलेलं खाणं आणू, दूध तोडू. हे साहजिकच आहे. खाणं आपल्या हातात असतं, भांड्यात दिसत असतं. हवेतले परागकण आणि गादीतले माइट नावाचे सूक्ष्म जीव कुणाला दिसतात? पण असं आज हे, उद्या ते बदलत गेलं की महिने निघून जातात, कुत्रा खाजवतच राहतो आणि हातात एकही खात्रीचं उत्तर लागत नाही.

खाज अन्नाच्या अ‍ॅलर्जीची आहे की वातावरणातल्या अ‍ॅलर्जीची, हे कुत्र्याच्या अंगाकडे बघून सांगता येत नाही. रक्त तपासूनही सांगता येत नाही. ते कळतं एकेक शक्यता ठरावीक क्रमाने बाजूला काढत गेल्यावरच. या क्रमाला वेळ लागतो, पण तो पाळला तर उत्तर मिळतं. आणि त्यातली शेवटची पायरी, म्हणजे बरं वाटल्यावर जुनं खाणं मुद्दाम परत देऊन बघणं, ही सगळ्यात महत्त्वाची असूनही सर्रास गाळली जाते.

आधी खाज म्हणजे नेमकं काय ते पाहू. मागच्या पायाने कान-मान ओरबाडणं ही खाज आहेच. पण पंजे तासन् तास चाटणं, बोटांच्या मधली जागा दातांनी कुरतडणं, तोंड सोफ्यावर किंवा भिंतीवर घासत जाणं, डोकं झटकणं, ढुंगण जमिनीवर घासत पुढे सरकणं, हीसुद्धा खाजच. ‘त्याला पाय चाटायची सवयच आहे’ असं ज्या कुत्र्याबद्दल म्हटलं जातं, त्याचा पंजा एकदा हातात घेऊन उजेडात बघा. बोटं अलगद फाकवा. आतली कातडी फिकट आणि कोरडी असेल तर ठीक. ती लालसर, ओलसर असेल, जवळ नाक नेल्यावर कुबट वास येत असेल आणि आजूबाजूचे केस तांबूस झाले असतील, तर ही सवय नाही. लाळेतल्या रंगद्रव्यामुळे वारंवार चाटलेले केस तांबूस होतात. पांढऱ्या कुत्र्यात ते लगेच दिसतं, काळ्या कुत्र्यात रंग कळत नाही, म्हणून केस ओलसर आहेत का ते बोटांनी चाचपून बघावं लागतं.

खाज मोजायचीही सोय आहे. त्वचारोगाचे डॉक्टर 0 ते 10 असा आकडा विचारतात. 0 म्हणजे खाज नाही, 10 म्हणजे खाणं, खेळणं, झोप सगळं सोडून अखंड खाजवणं. निरोगी कुत्राही अधूनमधून खाजवतो, म्हणून 2 पर्यंतचा आकडा सर्वसाधारण समजतात. आजपासून रोज रात्री कॅलेंडरवर हा आकडा लिहायला लागा. पुढचे दोन-तीन महिने जो शोध घ्यायचा आहे, त्यात तुमच्या आठवणीपेक्षा हे आकडे जास्त कामाला येतील. ‘थोडं कमी वाटतंय’ या वाक्यावर निदान उभं करता येत नाही.

दोन्ही अ‍ॅलर्जी सारख्याच का दिसतात

अ‍ॅलर्जी म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेने एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शत्रू ठरवणं. माणसाला परागकणांची अ‍ॅलर्जी असली की शिंका येतात, डोळे चुरचुरतात. कुत्र्याला खाज सुटते. कारण वातावरणातल्या अ‍ॅलर्जीत कुत्र्याच्या बाबतीत मुख्य वाट नाकाची नसून कातडीची असते. या आजाराला एटॉपिक डर्मटायटिस म्हणतात. त्यात कातडीचा सर्वांत वरचा थर मुळातच कच्चा असतो, त्यातून धुळीतल्या माइटचे, परागकणांचे, बुरशीचे कण आत शिरतात आणि तिथल्या पेशी भडकतात. त्या पेशी जी रसायनं सोडतात, त्यांपैकी इंटरल्यूकिन-31 हे खाजेचा संदेश मज्जातंतूंपर्यंत पोहोचवणारं एक प्रमुख रसायन.

अन्नाच्या अ‍ॅलर्जीत सुरुवात आतड्यात होते. तिथे एखाद्या प्रथिनाशी शरीराचं वाकडं येतं. पण शेवटी भडका उडतो तो त्याच कातडीत आणि साधारण त्याच जागी: पंजे, तोंड, कान, काखा, पोट, जांघा, गुदद्वाराभोवती. म्हणून ‘कान आणि ढुंगण खाजतंय म्हणजे खाण्याचीच अ‍ॅलर्जी’ हा नियम ऐकायला सोपा वाटला तरी त्यावर विसंबू नका. ज्या कुत्र्यांना फक्त धुळीच्या माइटची अ‍ॅलर्जी असते, त्यांचेही कान वारंवार पिकतात.

आणखी एक गैरसमज: ‘चार वर्षं हेच खातोय, आजच कसं बाधेल?’ अ‍ॅलर्जी व्हायला ओळख आधी लागते. शरीराने तो पदार्थ पूर्वी पाहिलेला असावा लागतो आणि हे वाकडं येणं काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही होऊ शकतं. त्यामुळे संशय नव्या खाण्यापेक्षा नेहमीच्याच खाण्यावर अधिक घ्यायला हवा. खाण्याचा दर्जा किंवा किंमत यांच्याशी याचा संबंध नाही. उत्तम प्रतीच्या मांसाचीही अ‍ॅलर्जी असू शकते.

अ‍ॅलर्जीकडे वळण्याआधी

इथे घाई केली की पुढचं सगळं चुकतं. अ‍ॅलर्जीसारख्याच दिसणाऱ्या किंवा अ‍ॅलर्जीच्या जोडीने येणाऱ्या तीन गोष्टी आधी हटवाव्या लागतात: पिसवा, खरूज आणि संसर्ग.

पिसवा हा विषय निघाला की बहुतेक जण म्हणतात, ‘आमच्याकडे नाहीत.’ न दिसणं आणि नसणं यांत फरक आहे. पिसूच्या लाळेची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला अगदी मोजके चावे पुरतात, आणि तो इतकं चावतो-चाटतो की अंगावरची पिसू स्वतःच गिळून टाकतो. शिवाय एका वेळी कुत्र्याच्या अंगावर असलेल्या पिसवा हा त्यांच्या कुटुंबाचा फार छोटा भाग. अंडी, अळ्या आणि कोश गालिच्यात, फटींत, अंथरुणात असतात. कोशातली पिसू कित्येक आठवडे, कधी कधी महिनेही थांबून राहू शकते.

घरी करायची एक तपासणी सोपी आहे. कुत्र्याला पांढऱ्या कागदावर किंवा चादरीवर उभं करा. बारीक दातांची पिसवांची फणी शेपटीच्या मुळापाशी, कमरेवरून, मांड्यांच्या मागून कातडीला टेकवून फिरवा. फणीत किंवा कागदावर मिरपुडीसारखे काळे कण पडले तर ते ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवून थांबा. साधी माती असेल तर ती तशीच राहील. कणाभोवती तांबूस-लाल वलय पसरलं, तर ती पिसूची विष्ठा आहे. तो लाल रंग म्हणजे पचलेलं रक्त. कमरेचा मागचा भाग आणि शेपटीचं मूळ इथेच सगळ्यात जास्त खाज असेल, तर पिसवांचा संशय सगळ्यात वर ठेवायचा.

काहीच सापडलं नाही तरी पिसवांवरचं चांगलं औषध निदान दोन-तीन महिने, एकही मात्रा न चुकवता, घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना द्यावं लागतं. हे उपचारही आहेत आणि तपासणीही. मात्र कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

खरूज होते ती सार्कोप्टिस नावाच्या माइटमुळे. यात खाज भयंकर असते, रात्री झोपू न देणारी. कानांच्या कडा, कोपरं आणि मागच्या पायांचे घोटे यांवर खपल्या धरतात. कानाची कड दोन बोटांत धरून हलकेच चोळली तर खरूज असलेल्या बऱ्याच कुत्र्यांचा मागचा पाय हवेत खाजवायला लागतो. घरातल्या माणसांच्या हातांवर किंवा पोटावर खाजरे पुरळ उठले असतील तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तरी हे माइट अनेकदा सापडत नाहीत, म्हणून संशय असेल तर थेट औषध देऊन बघतात. आयसॉक्साझोलिन गटातली औषधं, म्हणजे अफोक्सोलानर, फ्लुरालानर, सारोलानर यांसारखी, पिसवा आणि हे माइट दोन्हींवर चालतात. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ही औषधं घेण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला. डेमोडेक्स हा दुसरा माइट केस जाऊन चट्टे पडण्याने ओळखला जातो आणि स्टेरॉइड दिलं की बळावतो. एवढ्याच कारणासाठीही, कातडी तपासल्याशिवाय स्टेरॉइडचं इंजेक्शन देणं मला पटत नाही.

संसर्गाबद्दल जरा थांबून बोलायला हवं. अ‍ॅलर्जीने कातडी कमकुवत झाली की तिथे आधीपासून राहणारे जीवाणू आणि मॅलासेझिया हे यीस्ट भरमसाट वाढतात. त्यांनी स्वतःची वेगळी खाज येते. जीवाणूंच्या संसर्गात पुळ्या येतात, त्या फुटून गोलाकार सालपटं राहतात. यीस्टमध्ये कातडी तेलकट, वास कुबट आणि कालांतराने ती काळी, जाड, सुरकुतलेली होते. डॉक्टर पारदर्शक चिकटपट्टी कातडीवर दाबून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. काही मिनिटांचं काम असतं. संसर्ग तसाच ठेवून खाणं बदललं, तर खाणं बरोबर निवडूनही खाज थांबत नाही, आणि तुम्ही ‘म्हणजे खाण्याचा संबंध नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढता. उलट, खाणं बदलायच्या आठवड्यातच अँटिबायोटिक किंवा औषधी शाम्पू सुरू केला, तर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

अंदाज कुठून बांधायचा

पिसवा, खरूज, संसर्ग बाजूला झाले आणि खाज उरलीच, तर आता खरा प्रश्न समोर येतो. इथे काही खुणा आहेत. त्या पुरावा नव्हेत, फक्त दिशा दाखवतात.

पहिली खूण वयाची. वातावरणाची अ‍ॅलर्जी साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते. अन्नाची कोणत्याही वयात सुरू होऊ शकते. म्हणूनच सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू किंवा आयुष्यात कधी न खाजवलेला सात-आठ वर्षांचा कुत्रा अचानक खाजवायला लागला तर अन्नाकडे अधिक लक्ष जातं. वयस्क कुत्र्यात हार्मोनचे आजार आणि कातडीचे काही कर्करोगही बघावे लागतात.

दुसरी, माझ्या मते सगळ्यात उपयोगी खूण म्हणजे ऋतू. दरवर्षी ठरावीक महिन्यांत खाज उठते आणि मग आपोआप जाते, असं असेल तर कारण परागकणांसारखं हंगामी आहे. बारा महिने तेच खाणं खाणाऱ्या कुत्र्याची अन्नाची अ‍ॅलर्जी ऋतूप्रमाणे येत-जात नाही. मात्र उलटं खरं नाही. वर्षभर खाज आहे म्हणजे अन्नच, असं नाही; धुळीतले माइटही वर्षभर असतात.

तिसरी खूण पोटाची. दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा शी, ती अधूनमधून पातळ, वारंवार उलट्या, पोटात गुरगुर, गॅस. ही लक्षणं खाजेच्या जोडीने असतील तर अन्नाचा संशय बळावतो. डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही, म्हणून हे तुम्ही सांगा.

2010 मध्ये एटॉपिक डर्मटायटिस ओळखण्यासाठी आठ निकष प्रसिद्ध झाले, ते आजही वापरले जातात. सुरुवात तीन वर्षांच्या आत, कुत्रा मुख्यतः घरात राहणारा, स्टेरॉइडने खाज थांबणारी, आधी खाज आणि मग पुरळ, पुढचे पंजे आणि कानांची पाळी बाधित, पण कानांच्या कडा आणि कमरेचा वरचा भाग शाबूत. यांपैकी पाच जुळले तर एटॉपिक डर्मटायटिसची शक्यता बरीच. शेवटचे दोन निकष नीट पाहिले तर त्यांत खरूज आणि पिसवा यांनाच वगळलेलं आहे. पण हे निकषही अन्नामुळे झालेल्या खाजेला वातावरणामुळे झालेल्या खाजेपासून नीट वेगळं काढू शकत नाहीत.

रक्त, लाळ आणि केसांच्या तपासण्या

अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी रक्त, लाळ किंवा केस पाठवून करायच्या तपासण्या विकल्या जातात आणि त्यांचा अहवाल दिसायला मोठा आश्वासक असतो: पदार्थांची लांबलचक यादी, समोर लाल-हिरवे रंग. त्यांवर पैसे घालू नका, हे मी अगदी स्पष्टपणे सांगते. ठणठणीत कुत्र्यांचे नमुने पाठवले तेव्हा त्यांनाही ढीगभर पदार्थांची ‘अ‍ॅलर्जी’ निघाली. लाळ-केसांच्या तपासणीत खोटे केस आणि साधं पाणी पाठवल्यावरही निकाल आले. नुकसान पैशांपुरतं नसतं. अशा यादीवर विसंबून घरचे लोक कुत्र्याचे दहा पदार्थ कायमचे तोडतात, आणि पुढे खरी चाचणी करायची वेळ आली की त्याने कधी न खाल्लेलं काही शिल्लकच राहत नाही.

वातावरणातल्या पदार्थांसाठी कातडीत टोचून किंवा रक्तातून केली जाणारी तपासणी वेगळी. ती उपयोगी आहे, पण तिचा उपयोग ‘अ‍ॅलर्जी आहे का’ हे ठरवायला नाही. अजिबात न खाजवणाऱ्या कुत्र्यांतही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. निदान झाल्यानंतर इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराला त्या पदार्थांची हळूहळू सवय लावणाऱ्या उपचाराच्या, लशीत कोणते पदार्थ घालायचे, हे ठरवण्यासाठी ती करतात.

आठ आठवड्यांची परीक्षा

अन्नाची अ‍ॅलर्जी ओळखायचा भरवशाचा मार्ग एकच: एलिमिनेशन डाएट, म्हणजे नेहमीचं सगळं खाणं बंद करून काही आठवडे फक्त निवडलेलं वेगळं खाणं देऊन बघायची परीक्षा. वर्षभर खाज असलेल्या प्रत्येक कुत्र्याला ती एकदा तरी मनापासून द्यायला हवी, असं माझं ठाम मत आहे. खाज असलेल्या कुत्र्यांत अन्नाची अ‍ॅलर्जी किती, याचे आकडे वेगवेगळ्या अभ्यासांत 9 ते 40 टक्के असे पसरलेले आहेत. म्हणजे बहुतेकांचं कारण अन्न नसतं. पण ज्यांचं असतं त्यांना एखादा पदार्थ टाळून आयुष्यभराच्या औषधांतून सुटका मिळू शकते.

या परीक्षेत काय द्यायचं? एक पर्याय म्हणजे कुत्र्याने पूर्वी कधीही न खाल्लेलं प्रथिन. त्यासाठी त्याने आजवर काय काय खाल्लं, बिस्किटं आणि चघळायची हाडं धरून, त्याची यादी आधी करावी लागते. एकमेकांशी नातं असलेली प्रथिनं टाळायची. गोमांस बाधणाऱ्या कुत्र्याला मेंढीचं किंवा हरणाचं मांसही बाधू शकतं. दुसरा पर्याय हायड्रोलाइज्ड खाण्याचा. त्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला ते ओळखू येत नाहीत. काही कुत्री तरीही प्रतिक्रिया देतात, म्हणून ज्या प्राण्याचं प्रथिन संशयित आहे त्याचंच हायड्रोलाइज्ड खाणं शक्यतो निवडायचं नाही. तिसरा पर्याय घरी शिजवलेलं एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ. कांदा, लसूण, मसाला काही नाही. हे थोडे आठवडे चालतं, पण त्यात जीवनसत्त्वं आणि खनिजं पुरेशी नसतात. पिल्लांना तर पशुआहारतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय देऊच नये.

दुकानातल्या फळीवर मिळणारं ‘मोजके घटक’ लिहिलेलं खाणं या परीक्षेसाठी चालत नाही. अशी पाकिटं तपासली तेव्हा अनेकांत वेष्टनावर न लिहिलेली प्रथिनं सापडली. तीच यंत्रं आधी दुसऱ्या खाण्यासाठी वापरलेली असतात. पुढे रोजच्या वापराला ते कदाचित चालेल, पण परीक्षेच्या काळात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं खाणंच हवं. ‘धान्यविरहित’ या शब्दाचंही आकर्षण फार आहे. 2016 मध्ये 297 कुत्र्यांची माहिती एकत्र करून झालेल्या आढाव्यात सर्वाधिक दोषी ठरलं गोमांस, 34 टक्के कुत्र्यांत. मग दूध 17, चिकन 15 आणि गहू 13 टक्के. गहू त्यात आहे, पण धान्य काढून चिकन तसंच ठेवलं तर बहुतेकांना काहीच फायदा होत नाही.

किती दिवस? 5 आठवड्यांत अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्या सुमारे 80 टक्के कुत्र्यांना फरक दिसतो, 8 आठवड्यांत 90 टक्क्यांहून अधिक. पोटाची लक्षणं त्याआधीच सुधारतात. म्हणजे दोन आठवड्यांनी ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देणं हे उत्तर येण्याआधीच उठून जाण्यासारखं आहे.

या आठ आठवड्यांत तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट मोजायची. मोठी माणसं सांभाळतात. चाचणी बिघडते ती लहान मुलाच्या खुर्चीखाली पडलेल्या तुकड्यांनी, मांजराच्या ताटलीने, मांजराच्या शीच्या डब्यातून, फिरायला गेल्यावर ओळखीच्या माणसाने प्रेमाने दिलेल्या बिस्किटाने. आणि औषधांनी. जंताच्या, हृदयातल्या जंताच्या, पिसवांच्या चघळायच्या गोळ्यांना मांसाची चव असते. कुत्र्यांच्या टूथपेस्टलाही असते. कॅप्सूलचं जिलेटिन गाई-डुकरांपासून बनतं. ही औषधं बंद करायची नाहीत, डॉक्टरांकडून बिनचवीचा किंवा मानेवर थेंब टाकायचा प्रकार मागून घ्यायचा. गोळी खाण्यात लपवायची तर परीक्षेच्याच खाण्यात लपवा. शक्य असेल तर त्याच कोरड्या खाण्यातले थोडे दाणे बाजूला काढून बक्षीस म्हणून वापरा, म्हणजे घरातल्या आजी-आजोबांनाही द्यायला हातात काहीतरी राहतं. त्यांना ‘काहीही देऊ नका’ एवढंच सांगून भागत नाही. माया करायला वाट हवी असते आणि ती बंद केली की चोरून होते.

कुत्रा आठ आठवडे खाजेने हैराण राहील का? राहायला नको. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे डॉक्टर स्टेरॉइड किंवा ऑक्लासिटिनिब देऊन खाज दाबू शकतात आणि मग औषध थांबवून बघतात. खाणं तेच असताना औषध बंद केल्यावरही खाज परतली नाही, तर ती एक भक्कम खूण आहे. परतली, तर पुन्हा थोडे दिवस औषध देऊन परीक्षा पुढे चालू ठेवतात. परीक्षा संपायच्या आधीचे निदान दोन आठवडे मात्र अंगात खाजेचं औषध नको, नाहीतर फरक खाण्याचा की औषधाचा हे कळणार नाही.

जुनं खाणं परत देणं

समजा आठ आठवड्यांनी कॅलेंडरवरचा आकडा 7 वरून 2 वर आला. घरात आनंद असतो आणि जुन्या खाण्याकडे परत जायला कुणाचंच मन धजत नाही. तरीही जायचं. कारण त्याच आठ आठवड्यांत ऋतूही बदललेला असू शकतो, पिसवांचं औषध लागू पडलेलं असू शकतं, संसर्ग बरा झालेला असू शकतो. जुनं खाणं, अगदी तेच आणि तेवढंच, परत सुरू करायचं आणि रोज आकडा लिहायचा. अ‍ॅलर्जी असेल तर 80 टक्के कुत्र्यांत 7 दिवसांच्या आत आणि 90 टक्के कुत्र्यांत 14 दिवसांच्या आत खाज परत उफाळते. ती उफाळली की लगेच परीक्षेच्या खाण्यावर यायचं. पुन्हा ओसरली, की निदान झालं. चौदा दिवसांत काहीच झालं नाही, तर अन्न बहुधा निर्दोष आहे आणि महागड्या खाण्याचं ओझं आयुष्यभर वाहायची गरज नाही.

यानंतर एकेक पदार्थ घालून बघता येतो: फक्त चिकन दोन आठवडे, मग फक्त दूध, मग गहू. यातून त्या कुत्र्याची स्वतःची यादी तयार होते, आणि ती कुठल्याही प्रयोगशाळेच्या लाल-हिरव्या तक्त्यापेक्षा खरी असते.

एक अपवाद. घास घेतल्यावर काही वेळातच तोंड सुजणं, अंगावर गांधी उठणं, धाप लागणं, कोसळणं, असं कधी झालं असेल तर तो पदार्थ घरी परत देऊन बघायचा नाही. तसं आत्ता होत असेल तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

अन्न सुटलं, तर उरतं काय

परीक्षा नीट झाली आणि खाज तशीच राहिली, तर आता वातावरणाच्या अ‍ॅलर्जीचं नाव घेता येतं. हे निदान असंच, इतर सगळं बाजूला करूनच होतं. हा आजार बरा होत नाही, पण चांगला आवाक्यात ठेवता येतो. ऑक्लासिटिनिबच्या गोळ्या एका दिवसातच खाज उतरवतात, मात्र वर्षाच्या आतल्या पिल्लांना देत नाहीत. लोकिवेटमॅब हे इंजेक्शन थेट इंटरल्यूकिन-31 ला अडवतं आणि साधारण महिनाभर काम करतं. स्टेरॉइड स्वस्त आणि जोरदार आहे. थोड्या दिवसांसाठी ठीक, पण दीर्घकाळ दिलं की तहान, भूक, लघवी वाढते, स्नायू झडतात आणि कातडी पातळ होते. माणसांच्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांचा कुत्र्याच्या खाजेवर बेताचाच परिणाम होतो, आणि सर्दीचं औषध मिसळलेल्या गोळ्या तर घातक ठरतात. घरच्या डब्यातून काही देऊ नका. आजाराच्या मुळाशी जाणारा उपाय इम्युनोथेरपीचा. निम्म्याहून जास्त कुत्र्यांना तिचा फायदा होतो, पण परिणाम दिसायला वर्षही लागू शकतं. दर आठवड्याला योग्य शाम्पूने आंघोळ, फिरून आल्यावर ओल्या कापडाने पंजे आणि पोट पुसणं, अंथरूण 60 अंशांच्या पाण्यात धुणं, आहारात ओमेगा-3, या साध्या गोष्टींनी औषधाची मात्रा कमी करता येते.

दोन्ही अ‍ॅलर्जी एकत्र असलेली कुत्रीही असतात, आणि त्यांच्या बाबतीत परीक्षेचं उत्तर अर्धवट येतं: आकडा 8 वरून 5 वर येऊन थांबतो. हे अपयश नव्हे. प्रत्येक कुत्र्याच्या खाजेला एक मर्यादा असते, भरत जाणाऱ्या भांड्यासारखी. थोडे माइट, थोडे परागकण, थोडं चिकन, दोन पिसवा, असं साचत साचत ते काठोकाठ भरतं आणि मग ओसंडतं. त्यातलं चिकन काढून टाकलं की बाकीचं कधी कधी काठाच्या आत राहतं, आणि तेवढ्याने कुत्रा शांत झोपतो. म्हणून अशा कुत्र्यात 5 हा आकडाही लिहून ठेवायचा, जुनं खाणं परत देऊन तो पुन्हा 8 होतो का ते बघायचं, आणि होत असेल तर आहार तसाच ठेवून उरलेल्या 5 वर वातावरणाच्या अ‍ॅलर्जीचे उपचार सुरू करायचे.

नीट आटोक्यात असलेला कुत्रा पुढे कधी अचानक खाजवायला लागला, तर आहार बदलायची घाई करू नका. शेवटची पिसवांची मात्रा कधी दिली ती तारीख बघा, बोटांच्या मधली जागा आणि कानाच्या आतला भाग हुंगून बघा, आणि संसर्गाची शंका आली तर चिकटपट्टीची तपासणी करून घ्या. घराबाहेरून कुणी काही खायला दिलं का, हे त्यानंतर विचारा.